सूचीचा क्रम दर वेळी का बदलतो? सेट, हॅश आणि आपली अकारविल्हे

"काल यादी काढली तेव्हा कादंबरी वर होती, आज नाटक वर आलंय. प्रोग्रॅमला कुणी हात लावलेला नाही, डेटाही तोच." बडोद्यातल्या मराठी वाचनालयांची आणि मंडळांची पुस्तकं संगणकावर चढवणारी जी मंडळी आहेत, त्यांच्याकडून हा प्रश्न ठरावीक काळाने येतोच. कुणी कॉलेजात शिकत असतं, कुणी नोकरी सांभाळून रविवारी येऊन बसतं. प्रोग्रॅम बहुधा पायथनचा, पन्नास-साठ ओळींचा. एक्सेलमधून नोंदी वाचायच्या, विषयवार लावायच्या, छापायला पीडीएफ काढायची. काम चोख चालतं, फक्त क्रम हलतो.

तुम्ही म्हणाल, क्रमच तर आहे, त्याचं एवढं काय? छापील यादी तपासणाऱ्या काकांना विचारा. त्यांनी पहिल्या प्रतीवर लाल पेनने खुणा केल्या, दुरुस्त्या झाल्या, दुसरी प्रत हातात आली, तर तपासलेलं पान जागेवरच नाही. "अरे, बाराव्या पानावरची नाटकं कुठं गेली?" नाटकं तिसऱ्या पानावर गेलेली असतात आणि काका पुन्हा पहिल्यापासून वाचायला बसतात. फाइलींच्या आवृत्त्या जपणाऱ्या गिटमध्येही तेच. एका पुस्तकाची भर पडलेली असते, पण फरक पाहावा तर अख्खी फाइल लाल-हिरवी. खरी दुरुस्ती त्यात बुडून जाते.

आधी रोग नक्की करा

क्रम बदलण्याची कारणं एकाहून जास्त असतात, म्हणून अंदाजाने औषध देऊ नका. पायथनहॅशसीड (PYTHONHASHSEED) नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहे, म्हणजे प्रोग्रॅमच्या बाहेरून देता येणारं सेटिंग. तो १ ठेवून प्रोग्रॅम चालवा, निकाल एका फाइलीत ठेवा. मग तो २ करून पुन्हा चालवा. दोन्ही फाइली वेगळ्या आल्या तर दोष स्ट्रिंगच्या हॅशकडून, म्हणजे मजकुरावरून काढलेल्या आकड्याकडून येतोय. याचा अर्थ कुठेतरी सेट, म्हणजे प्रत्येक मूल्य एकदाच ठेवणारा संग्रह आहे आणि तुम्ही त्याच्यावरून थेट लूप फिरवताय. कोडमध्ये सेट शोधा. महिरपी कंसात नुसती मूल्यं लिहिलेली असतील तर तोही सेटच. 'एकच विषय दोनदा येऊ नये' म्हणून कुणीतरी यादी सेटमध्ये घालून परत यादी केलेली असते. बहुतेक वेळा चोर तिथेच सापडतो.

एका यंत्रावर दोन्ही निकाल सारखे, पण घरच्या लॅपटॉपवर एक क्रम आणि सर्व्हरवर दुसरा, असं असेल तर सेटला सोडा आणि फोल्डर वाचणारी ओळ पाहा. फोल्डरातल्या फाइलींची नावं देणारं फंक्शन क्रमाची कसलीच हमी देत नाही, तसं त्याच्या दस्तऐवजात लिहिलेलंच आहे. विंडोजवर एनटीएफएस ही फाइल सिस्टिम नावं साधारण वर्णक्रमाने देते, त्यामुळे सवय लागते. लिनक्सच्या ईएक्सटी४ वर ती हॅशच्या क्रमाने येतात. डेटाबेसचंही असंच: क्रम सांगणारं ऑर्डर बाय लिहिलं नसेल तर पोस्टग्रेससारखा डेटाबेस ज्या क्रमाने ओळी हाती लागतील त्या क्रमाने देतो. एखाद्या पुस्तकाची किंमत दुरुस्त केली की ती ओळ यादीत शेवटी गेलेली दिसणं ही तिथली नेहमीची गोष्ट. या दोन्हींवर उपाय एका ओळीचा आहे: फाइलींच्या नावांवर क्रम लावून देणारं पायथनचं सॉर्टेड, डेटाबेसला ऑर्डर बाय. तो लावा आणि पुढे चला. पुढचं सगळं सेटबद्दल.

सेट असा का वागतो

सेट म्हणजे हॅश टेबल. 'नाटक' हा शब्द आला की त्याच्यावरून एक भलामोठा आकडा काढतात, त्या आकड्यावरून खण ठरतो, शब्द त्या खणात जाऊन बसतो. 'नाटक आहे का?' असं विचारलं की पुन्हा तोच आकडा, तोच खण. बाकीच्या हजार नोंदी चाळाव्या लागत नाहीत. लूप फिरवताना खण पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले जातात. म्हणजे दिसणारा क्रम हा आकड्यांमुळे पडलेला क्रम असतो, शब्दांशी किंवा तुमच्या फाइलीशी त्याचा संबंध नाही.

आता आकडाच दर वेळी का बदलावा? हे मुद्दाम केलेलं आहे, आणि कारण सुरक्षेचं आहे. हॅश काढायची रीत ठाऊक असेल तर एकाच खणावर आदळणारे हजारो शब्द आधीच तयार करून ठेवता येतात. ते एखाद्या वेबसाइटच्या फॉर्ममधून पाठवले की प्रत्येक नवा शब्द आधीच्या सगळ्यांशी ताडून पाहावा लागतो, आणि एका साध्या विनंतीने सर्व्हर मिनिटंच्या मिनिटं अडकून राहतो. क्रॉस्बी आणि वॉलाक या दोन संशोधकांनी हा धोका २००३ मध्येच मांडला होता. पण जग जागं झालं ते डिसेंबर २०११ मध्ये. बर्लिनला हॅकरांच्या केऑस कम्युनिकेशन काँग्रेस या परिषदेत अलेक्झांडर क्लिंक आणि युलियान वेल्डे यांनी पीएचपी, जावा, पायथन, रुबी अशा एकेका भाषेवर तो चालवून दाखवला. पायथनने २०१२ च्या सुरुवातीला जुन्या आवृत्त्यांत ऐच्छिक उपाय दिला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात आलेल्या ३.३ पासून तो कायमचा केला: प्रोग्रॅम सुरू होताना एक गुप्त संख्या निवडायची आणि स्ट्रिंगचा हॅश तिच्यासह काढायचा. ती पहिली रीतही कच्ची निघाली, म्हणून पेप ४५६ या बदल-प्रस्तावानुसार ३.४ मध्ये ऑमासाँ आणि बर्नस्टाइन यांची सिपहॅश ही हॅश काढायची रीत आली.

तेव्हा 'पायथनमध्ये बग आहे' हे म्हणणं सोडा. पायथन लिहिणाऱ्यांनी क्रमाचं वचन दिलंच नव्हतं. न दिलेल्या वचनाच्या भरवशावर आपण यादी छापत होतो, ते आता उघडं पडलं एवढंच.

आकड्यांचा सेट फसवतो

यातला सगळ्यात घातकी भाग हा की काही सेट अगदी शहाण्यासारखे वागतात. दाखल क्रमांकांचा सेट करून पाहा. ३, १, २ घातले तर १, २, ३ असे बाहेर येतात, कितीही वेळा चालवा. कारण पूर्णांकाच्या हॅशमध्ये ती गुप्त संख्या मिसळत नाहीत. लहान धन पूर्णांकाचा हॅश म्हणजे तो आकडा स्वतःच. हे पाहून मुलं म्हणतात, "सेट तर सॉर्ट करून देतो!"

मग १, २, ८ घाला. आजच्या सीपायथनमध्ये, म्हणजे आपण सगळे वापरतो त्या पायथनमध्ये, उत्तर येतं ८, १, २. नवा सेट आठ खणांचा असतो, शून्य ते सात. आठला आठाने भागून बाकी शून्य, म्हणून ८ पहिल्या खणात जातो. आता याच सेटमध्ये ३ आणि ४ घाला. पाच नोंदी झाल्या की टेबल दाटीचं ठरतं, ते बत्तीस खणांचं होतं, सगळे आकडे नव्याने बसतात आणि ८ आपल्या जागी, शेवटी जातो: १, २, ३, ४, ८. दोन आकडे वाढवले आणि तिसऱ्याचीच जागा हलली. शंभर पुस्तकांवर चाचणी केली तेव्हा ठीक, पूर्ण संग्रह घातल्यावर मध्येच क्रम विस्कटला, या तक्रारीचं मूळ बहुतेक इथं असतं. दाखल क्रमांक छोटे आणि सलग असेपर्यंत सगळं छान दिसतं. जुने, बाद झालेले, मधेच लाखाच्या घरातले क्रमांक आले की दिसणं संपतं.

मग डिक्ट क्रम का पाळतो?

डिक्ट म्हणजे की (key, शोधायचं नाव) आणि तिची व्हॅल्यू अशा जोड्या ठेवणारा संग्रह. हा उपप्रश्न हमखास येतो, कारण सेट आणि डिक्ट दोन्ही हॅश टेबलंच. इथं वाचनालयाचाच दाखला देतो. बडोद्यात तो कुणालाही पटावा, सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डेन यांना बोलावून ग्रंथालयांची घडी बसवली ते हे गाव. वाचनालयात दाखल नोंदवही असते, तीत पुस्तकं आली तशी एकाखाली एक चढतात. आणि शोधायला वेगळं कार्डांचं कपाट असतं, कार्डावर फक्त दाखल क्रमांक. २०१२ च्या डिसेंबरात पायथनच्या विकासकांपैकी रेमंड हेटिंजर यांनी डिक्टसाठी नेमकी हीच मांडणी सुचवली.

आधी प्रत्येक खणात हॅश, की आणि व्हॅल्यू मिळून चोवीस बाइट जात, खण रिकामा असला तरी. आठ खणांचा डिक्ट म्हणजे १९२ बाइट. नव्या मांडणीत खणात एका बाइटचा क्रमांक राहतो आणि खऱ्या नोंदी वेगळ्या, सलग, आल्या त्या क्रमाने लिहिल्या जातात. आठ खणांत पाच नोंदी मावतात, म्हणजे आठ अधिक पाच गुणिले चोवीस, १२८ बाइट. हेतू जागा वाचवण्याचा होता; क्रम पदरात पडला तो आयता. पायपाय या पायथनच्याच दुसऱ्या अवताराने हे आधी केलं, सीपायथनमध्ये इनादा नाओकी यांनी २०१६ च्या ३.६ मध्ये आणलं. तेव्हा दस्तऐवजात 'क्रमावर विसंबू नका' असं बजावलेलं होतं. लोक विसंबलेच. शेवटी जून २०१८ च्या ३.७ पासून तो भाषेचा नियम झाला.

सेटला हे दिलं नाही, आणि माझ्या मते ते बरोबर आहे. सेटचं मुख्य काम 'आहे की नाही' सांगण्याचं. शिवाय दोन सेटांमधले सामाईक घटक काढताना सीपायथन लहान सेटवरून फिरतो आणि मोठ्यात शोधतो, वेळ वाचावा म्हणून. क्रम पाळायचं बंधन घातलं तर निकालाचा क्रम कुणाचा, डावीकडच्या सेटचा की लहान सेटचा? एकतर वेग सोडा, नाहीतर नोंदींच्या संख्येनुसार बदलणारा विचित्र नियम पत्करा. त्यापेक्षा क्रम नाहीच म्हणणं प्रामाणिक.

इतर भाषांमध्ये हीच निवड आणखी रोखठोक आहे. गो भाषेत मॅपवरून (तिथला डिक्ट) फिरताना सुरुवात मुद्दाम कुठूनही होते, एकाच प्रोग्रॅममध्ये दोन लूप दोन क्रम देऊ शकतात, म्हणजे सवय लागायलाच नको. जावाने नवव्या आवृत्तीपासून आलेल्या सेट.ऑफ मध्ये दर वेळी बदलणारं 'मीठ', म्हणजे क्रम हलवणारी एक संख्या, टाकलंय. क्रम हवा असेल त्याने लिंक्डहॅशमॅप किंवा ट्रीमॅप मागून घ्यावा.

जावास्क्रिप्टचा मात्र इशारा द्यायला हवा, कारण यादी वेबपानावर दाखवताना तो पाय अडकवतो. तिथल्या साध्या ऑब्जेक्टमध्ये '17', '1042' अशा इंग्रजी आकड्यांच्या की असतील तर त्या कशाही घाला, चढत्या क्रमानेच आणि सर्वांत आधी बाहेर येतात. 'म-१७', 'गु-१०४२' अशा की मात्र घातल्या तशा राहतात. मराठी विभाग नीट दिसतोय आणि नुसते क्रमांक असलेला जुना विभाग आपोआप हलतोय, तर कारण हे. ऑब्जेक्ट काढा, मॅप वापरा.

उपाय, आणि उपाय वाटणारे अपाय

पहिला अपाय: पायथनहॅशसीड कायमचा ० करून ठेवणं. यादी स्थिर होते, काका खूश होतात, म्हणून हा सल्ला तोंडोतोंडी फिरतो. पण सेटिंग त्या एका यंत्रावर असतं. दुसऱ्या यंत्रावर विसरलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. पायथनची आवृत्ती बदलली तरी क्रम बदलू शकतो. ३.११ मध्ये सिपहॅशचा प्रकारच बदलला. तुमच्या स्वतःच्या क्लासचे ऑब्जेक्ट सेटमध्ये असतील तर त्यांचा हॅश मेमरीतल्या पत्त्यावरून निघतो, त्यावर या सेटिंगचा काहीच ताबा नाही. आणि प्रोग्रॅम कधी वेबवर गेला तर ज्या हल्ल्यासाठी कुलूप बसवलं त्याची किल्ली तुम्ही दारात ठेवलेली असते. सीड रोग ओळखायला वापरा, औषध म्हणून नको.

विषय फाइलीत ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने, पण एकेकदाच हवे असतील तर डिक्ट.फ्रॉमकीज मध्ये यादी घाला आणि परत यादी करा. सेटचं काम होतं, क्रमही राहतो. छापायच्या यादीसाठी सॉर्टेड लावा, तेही अगदी शेवटी, लिहिण्याच्या आधीच्या ओळीत. सेट टाकून देऊ नका. 'हा दाखल क्रमांक आधी आलाय का?' हे पाहायला त्याच्यासारखं काही नाही. माझा नियम साधा आहे: सेट फंक्शनच्या आत जन्मतो आणि आतच मरतो, बाहेर जाते ती यादी.

"सॉर्टेड लावलं तरी क्रम बदलतोय." हे ऐकलं की पाहायचं, कशावर लावलंय. समजा प्रकाशन वर्षावर. एकाच वर्षाची पाच पुस्तकं आहेत. पायथनचं सॉर्टिंग, टिम पीटर्स यांचं २००२ मधलं टिमसॉर्ट, स्थिर आहे. म्हणजे बरोबरीच्या नोंदी आत आल्या त्याच क्रमाने बाहेर पडतात. एरवी हा गुण, पण आत सेट दिलात तर त्या पाच पुस्तकांचा आपसातला क्रम सेटने ठरवलेला, दर वेळी नवा. ही चूक शोधायला फार त्रास देते, कारण यादी नव्वद टक्के स्थिर असते आणि मधली चार-दोन नावंच जागा बदलतात. सॉर्टेडला दिलेल्या की मध्ये (ज्यावरून क्रम लागतो ते) वर्षानंतर शीर्षक आणि सरतेशेवटी दाखल क्रमांक जोडा. दाखल क्रमांक दोन पुस्तकांना सारखा नसतो, त्यामुळे बरोबरी उरतच नाही.

क्रम स्थिर झाला, पण मराठी नाही

आता काका दुसरी तक्रार घेऊन येतील, आणि ती रास्त असेल. सॉर्टेड अक्षरांचे युनिकोड क्रमांक पाहतो, बाराखडी नाही. पालखी, पाळणा, पावसाळा, पाहुणा असा क्रम लागेल, कारण युनिकोडात ळ चा क्रमांक ०९३३, म्हणजे ल च्या लगेच पुढे, व आणि ह च्या आधी. आपल्या वर्णमालेत ळ ह नंतर. हवा तो क्रम पालखी, पावसाळा, पाहुणा, पाळणा. त्याहून डोळ्यात येणारं म्हणजे ॲ. हे अक्षर उशिरा घेतलं गेलं, क्रमांक ०९७२, सगळ्या व्यंजनांच्या पलीकडे. त्यामुळे 'ॲक्युप्रेशर' हा विषय 'हस्तकला'च्याही खाली जातो. आणि कुणी जुन्या कीबोर्डवरून तोच शब्द अ वर चंद्र देऊन टाइप केला असेल तर तो वर अ मध्ये. एकच विषय, यादीत दोन टोकांना.

यातून सेटचाही घोटाळा होतो. 'दऱ्याखोऱ्या' मधला अर्धा र काहीजण ऱ वापरून लिहितात, काहीजण र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखे. सेटला ते दोन शब्द. युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण नुक्त्याचे प्रकार एक करतं, पण हे दोन अर्धे र किंवा ॲ ची दोन रूपं एक करत नाही. ते बदल नोंदी वाचतानाच स्वतः करून घ्यावे लागतात. मी चार-पाच बदलांची एक छोटी तक्तावजा यादी ठेवतो आणि प्रत्येक शीर्षक आधी तिच्यातून काढतो.

क्रमासाठी आयसीयू (ICU) ही भाषावार नियम जाणणारी मुक्त सॉफ्टवेअर-लायब्ररी घ्या, पायथनमधून ती पायआयसीयू नावाने वापरता येते. भाषेच्या जागी मराठीचा संकेत द्या, कोलेटरकडून (भाषेचा वर्णक्रम लावणारा तिचा भाग) सॉर्ट की काढा आणि ती सॉर्टेडला द्या. ब्राउझरमध्ये इंटल.कोलेटर अंगभूत आहे. चालवून झालं की वरचे चार पा-चे शब्द टाकून पाहा; पाळणा शेवटी आला पाहिजे.

बडोद्याच्या यादीत मराठीसोबत गुजराती आणि इंग्रजी पुस्तकंही असतातच. नुसत्या सॉर्टेडने इंग्रजी वर, मग देवनागरी, मग गुजराती अशी वाटणी होते. मला विचाराल तर तिन्ही एका ओळीत गुंफायचा हट्ट धरू नका. की मध्ये पहिला घटक भाषा ठेवा, दुसरा कोलेटरची की, शेवटी दाखल क्रमांक, आणि भाषांचा क्रम मंडळाच्या लोकांना विचारून ठरवा. तो तांत्रिक प्रश्न नाही.

एवढं करूनही काही हलत असेल तर विचारा, पण विचारताना पायथनची आवृत्ती, सीड १ आणि सीड २ चे दोन्ही निकाल, आणि फाइल वाचण्यापासून छापण्यापर्यंत क्रम ज्या ज्या ओळींतून जातो त्या ओळी पाठवा. नुसता यादीचा फोटो पाठवू नका; त्यातून काहीही कळत नाही.